सावरीवरचे कांडेसर

चूक रागिणीचीच होती, आणि ती तिच्यासारख्या माणसाच्याच हातून व्हायची. अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना अकरा वर्षं ती मुलांना बजावत आली होती, की जागा न लिहिलेली नोंद ही नोंदच नव्हे. म्हणून अमरावतीच्या पक्षिमंडळाच्या प्रदर्शनाला फोटो पाठवताना तिने फॉर्मातला एकही रकाना मोकळा सोडला नाही. पक्षी: कांडेसर, अंग काळं, मान लोकरीसारखी पांढरी. झाड: सावर, उंची अठरा मीटर. घरट्यात पिल्लं तीन. स्थळ म्हणून तिने हिवरखेडजवळच्या त्या वावराचे अक्षांश-रेखांश लिहिले, दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत.

पाचव्या दिवशी, रविवारी, मंडळाचे शालिकराम सर दोन सोबती घेऊन नेमके त्या आकड्यांवर येऊन उभे राहिले. तिघांच्या खांद्यांवर मांडीएवढ्या लेन्सा होत्या.

रागिणी दोन महिन्यांपासून दर रविवारी असायची तिथेच होती, झाडापासून दोनशे पावलांवर, बाभळीखाली. त्याच्या पुढे ती कधी गेली नव्हती. तिच्या फोटोत पक्षी नखाएवढा यायचा.

"मॅडम, तुमचा फोटो पाहिला," सर हसत म्हणाले. "पक्षी शोधायला भिंग घ्यावं लागलं."

"सापडला ना?"

"सापडला. आता खरा फोटो काढू. आम्ही बुंध्यापाशी जातो, टाळ्या वाजवतो. मोठा पक्षी उठेल, एक फेरी मारून परत बसेल. बसताना पंख पसरतो ना, तो फोटो."

सावर निष्पर्ण होती. एवढ्या उन्हात पिल्लांना सावली म्हणजे काय ती आईबापाच्या पंखांचीच. आत्ताही मोठा पक्षी घरट्यावर पंख उघडून छत्रीसारखा उभा होता.

झाडाकडे जायला वाट एकच, दोन्हीकडच्या हरभऱ्यामधून जाणारा धुरा, म्हणजे शेताचा बांध. रागिणी उठली आणि कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून धुऱ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"जाता येणार नाही, सर."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटं तुमची. तो परत कधी बसायचा ते तो ठरवणार. पिल्लं बारा दिवसांची आहेत. अर्धा तास उन्हात राहिली तर मरतील."

"पंचवीस वर्षं फोटो काढतोय मी. मला शिकवता?"

"हो."

सोबत्यांपैकी एकजण खुसकन हसला. सरांचा चेहरा बदलला. "प्रदर्शनातून तुमचा फोटो काढून टाकीन."

"काढा."

"आणि हे वावर काय तुमचं आहे?"

"तिचं नाही, माहं हाय," मागून आवाज आला. मैनाबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यातून विळा घेऊन वर आल्या होत्या. "काहून भांडून राहिले, बापू?"

"भांडत नाही, बाई. दोन फोटो काढायचे आहेत. तुमच्या वावराचं नाव होईल."

"नाव काय कराचं? ते पांढरमान्ये माह्या हरभऱ्यातल्या अळ्या खाऊन राहिले, तेवढं पुरे हाय मले."

रागिणीने घड्याळ पाहिलं. दहा एकावन्न. तिच्या वहीत पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या वेळांशेजारी आणखी एक वेळ लिहिलेली होती. या आठवड्यात विजेची लाइन बरोबर अकराला येत होती, आणि मैनाबाईंची मोटर लाइन आली की आपोआप सुरू व्हायची. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंकलरच्या तोट्या पाइपांवर उभ्या होत्या. मैनाबाईंनीही एकदा तोट्यांकडे आणि एकदा रागिणीकडे पाहिलं.

नऊ मिनिटं. रागिणी मुळात कमी बोलणारी, पण शिकवायला उभी राहिली की तास संपेपर्यंत थांबायची नाही.

"ऐकून घ्या आणि मग ठरवा," ती म्हणाली. अंडी कोणत्या तारखेला दिसली, नर-मादी किती वेळाने पाळी बदलतात, तोंडात पाणी आणून पिल्लांवर कसं सांडतात, सगळं तिने सांगितलं. सरांनी दोनदा तोडलं, तिने दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी ते वैतागले. "सरका, मॅडम!" म्हणत त्यांनी खांद्याने तिला बाजूला लोटलं आणि तिघं धुऱ्याने पुढे निघाले.

ती धावत पुढे गेली आणि पुन्हा आडवी उभी राहिली. आता ते सगळेच तोट्यांच्या ऐन मध्ये होते.

पाइपांत आधी हवा खाकरली. मग दोन्ही बाजूंनी पाणी फिरत आलं.

"अरे लेन्स! लेन्स झाका!" तिघांनी शर्ट, टोप्या, रुमाल, जे हाती लागलं ते कॅमेऱ्यांवर टाकलं आणि आले त्या वाटेने गाडीकडे पळत सुटले.

"बंद करा बाई हे!" सर लांबून ओरडले.

"घाट्यावर आला हरभरा, बंद कशी करू? थांबा न, पाच वाजता जाते लाइन," मैनाबाई म्हणाल्या. "तवरक मस्त भिजान तुमी."

रागिणी जागची हलली नाही. तिची एकुलती एक लेन्स भिजत होती, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. सावरीवरचा कांडेसर रोज पाहत असलेलं पाणी पाहत पंख उघडून तसाच उभा होता. गाडी सुरू होऊन निघून गेली. थोड्या वेळाने त्या पक्ष्याची जोडीदार नाल्याकडून आली आणि ओल्या हरभऱ्यात, रागिणीपासून वीस पावलांवर उतरली. रागिणीने ओढणीने लेन्स पुसली, ती आणखीच धुरकट झाली. तिने फोटो काढला.

"परत आले म्हंजे?" मैनाबाईंनी विचारलं.

"परत उभी राहीन."

"मंग मलेही आवाज दे."

पुढचे सात रविवार दोघी धुऱ्यावर बसल्या. सर एकदा आले, मैनाबाईंचा विळा आणि रागिणीचं घड्याळ पाहून गाडीतूनच वळले. आठव्या रविवारी घरटं रिकामं होतं आणि नाल्याकाठी पाच कांडेसर चालत होते.

त्याच आठवड्यात रागिणीने तो धुरकट फोटो मंडळाच्या पुढच्या प्रदर्शनाला पाठवला. मंडळाचं उत्तर आलं: स्थळाचा रकाना रिकामा असल्याने फॉर्म अपूर्ण आहे, भरून पाठवावा, अन्यथा बाद.

तिने फॉर्म पुन्हा काढला. तारीख, वेळ, अंतर नीट तपासलं. मग स्थळापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, "माहीत आहे. सांगणार नाही," आणि पाठवून दिला.