मुदत शुक्रवारपर्यंत

सूर्यकांतांनी स्वयंपाकघरातल्या कात्रीने बातमी कापली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सुमे, ऐक. ब्रिटन-अमेरिकेचा अण्वस्त्र सहकार्याचा करार आणखी दहा वर्षं वाढवायचाय. तिकडे ब्रिटनच्या संसदेत नुसता टेबलावर ठेवलाय. बैठकीच्या एकवीस दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर खलास. मंजूर."

"मतदान नाही?"

"कशाला? गप्प बसले म्हणजे संमती. आपल्याकडे काय वेगळं चालतं?"

वेगळं नव्हतंच. आखातातल्या, अल मनखूल वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये बाबांचा प्रत्येक प्रस्ताव चिठ्ठीवर लिहून लोणच्याच्या बरणीखाली यायचा. मुदत एक आठवडा, कारण फुजैराच्या बंदरातून ते शुक्रवारपुरतेच घरी असत. हरकत तोंडी आणि मोठ्याने घ्यायची. एका हरकतीने प्रस्ताव पडे. आईने हा पोरखेळ कधीच मानला नव्हता. त्यामुळे सभागृह म्हणजे एकटी सुमेधा.

आजची चिठ्ठी तिने सकाळपासून तीनदा वाचली होती. 'बायपास पुढच्या एप्रिलमध्ये, पुण्यात. तोवर नोकरी चालू.'

"डॉक्टर महिन्याच्या आत म्हणालेत," तिची आई प्रमिला ओट्याकडून म्हणाली.

"महिन्याच्या आत गेलो तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. मग तिघांनी बॅगा भरायच्या."

सुमेधाने एसी कमी केला, पुन्हा वाढवला. अठ्ठाविसाव्या वर्षीही तिचा व्हिसा बाबांच्याच नोकरीवर होता. रोल्लाजवळची शाळा, तिथे ती शिकवायची ते सातवीचे वर्ग, पुस्तकांनी भरलेली ही भिंत, सगळं त्या एका शिक्क्यावर उभं होतं. तिने बरणी उचलली, खालचा तेलाचा डाग पुसला आणि बरणी होती तिथेच ठेवली.

"काय गं? ऑब्जेक्शन?"

"चहा टाकते," ती म्हणाली.

शनिवारी पहाटे खालून जमालने हॉर्न दिला. बाबांना आणायचं-न्यायचं काम कंपनीच्या गाडीवर तोच करी.

"यल्ला, चलो साब! ट्रकों की लाइन लग जाएगी."

बाबांनी बूट घालताना मध्येच थांबून श्वास घेतला. दारातून वळून म्हणाले, "मुदत शुक्रवारपर्यंत हं."

बुधवारी दुपारी फोन आला तो जमालचाच. साब जेटीच्या पायऱ्यांवर बसले होते, दोन मिनिटं म्हणून. पुन्हा उठले नाहीत.

शुक्रवारी सगळी ऑफिसं बंद. बाबा फुजैराच्या शवागारात आणि त्यांना सोडवायचे कागद शनिवारी मिळणार. शेजारच्या जहांआराबाजी डबा ठेवून गेल्या. तो कोणी उघडला नाही. सुमेधा या खोलीतून त्या खोलीत जात राहिली. कपाटातून एक पुस्तक काढलं, दुसऱ्याच कप्प्यात ठेवलं.

प्रमिला टेबल पुसत होती. फडकं बरणीभोवती फिरलं, तिथेच थांबलं.

"आता हे उचलू का गं?"

"नको. आज शुक्रवार आहे."

प्रमिलाने तिच्याकडे पाहिलं, फडकं खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या खेळासाठी खुर्ची ओढून बसली.

सुमेधा बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. घसा दोनदा खाकरला.

"बाबा, माझी हरकत आहे," ती मोठ्याने म्हणाली. "गेल्या शुक्रवारीही होती. मला इथून जायचं नव्हतं, म्हणून मी बोलले नाही."