नव्याचा पहिला घास

मुंबई ते नागपूर विमानाला सव्वा तास लागतो, हे सानगडीत शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. खुशालनंच सांगून ठेवलं होतं ना, ओसरीवर पायावर पाय टाकून! आणि सव्वा तासावरचा हा मुलगा तीन वर्षांत गावाकडे फिरकला नव्हता.

त्याच्या आईचा, सत्यभामाबाईचा, जीव अडकला होता नव्या तांदळात. नवा भात शिजला की पहिला घास घरच्या कर्त्यानं खायचा, त्याआधी कुणी तोंडाला लावायचा नाही. नवरा वारल्यापासून कर्ता म्हणजे थोरला खुशाल. मागची दोन वर्षं त्याच्या फोटोपुढं ताट ठेवून कसंबसं भागवलं. यंदा म्हातारी अडून बसली. म्हणे, जित्या माणसाच्या फोटोले कितीक जेवू घालू? घरात नवं धान येऊन पडलं होतं आणि चुलीवर कण्या शिजत होत्या. लहाना सेवकराम, ज्यानं ते धान पिकवलं, तोही बायकोनं रांधलेल्या कण्याच मुकाट्यानं खात होता.

तेवढ्यात साकोलीच्या दुकानदाराकडे खुशालचा फोन आला. कंपनीच्या कामानं उद्या कलकत्त्याला निघालोय, विमान नागपूरला थांबतं, माय, तिथं भेट. म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं.

नवा भात शिजवून डब्यात भरला आणि दोघं मायलेकरं तांबडं फुटताच निघाली. साकोलीपर्यंत बैलबंडी, पुढं एसटी. भंडाऱ्याच्या अलीकडे एसटीचं चाक बसलं. उन्हात ताटकळून दुसरी गाडी मिळाली तीही उभ्यानं. भाताच्या डब्याला कुणाचा पाय लागू नये म्हणून म्हातारीनं तो छातीशी धरलेला. कंबर मोडली, पाय सुजले, पण डबा काही तिनं सेवकरामला दिला नाही. नागपूरच्या स्टँडवरून सायकलरिक्षा करून सोनेगावच्या विमानतळावर पोचली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

विमान उतरलं. एकेक माणूस बाहेर येत गेला. म्हातारी प्रत्येकाचं तोंड पाहत होती.

शेवटी एक साहेब त्यांना शोधत आले. खुशालच्याच कंपनीतले, याच विमानानं उतरलेले. अवघडून म्हणाले, "त्यांना ऐनवेळी थेट विमानाचं तिकीट मिळालं. ते नागपूरला थांबत नाही. तेवढाच वेळ वाचतो."

वेळ वाचतो! सेवकरामच्या अंगाची लाही लाही झाली. पण भांडायचं कुणाशी? साहेब बिचारे निरोपाचे धनी.

म्हातारीनं वर पाहिलं. "म्हंजे आपल्या सानगडीवरूनच गेला असंन," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खालीच बसली. तिच्यात रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

सेवकराम म्हणाला, घरी जाऊन फोटोपुढं ठेवू, चाल. ती हलली नाही. तिनं डब्याचं झाकण काढलं. भात गार होऊन गोळा झाला होता. त्यातला एक घास तिनं सेवकरामच्या तोंडापुढं धरला.

"मोठा असतानी मी कसा खाऊ, माय?"

"रोवला कोनं? खळ्यात चुरला कोनं? खाय."

त्यानं खाल्ला. गिळता गिळता त्याचे डोळे भरून आले. मग तिनंही चार घास खाल्ले, उरलेला त्यानं संपवला. सकाळपासून दोघांच्या पोटात काही नव्हतं.

परतीच्या एसटीत रिकामा डबा तिनं सेवकरामच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. "सुनेले सांग," ती म्हणाली, "फोटोपुढं आता ताट नोको ठेवू."