न केलेल्या कामाचा पगार

आमच्या अलाबामात ज्यूरीला सगळं सांगतात. कोण कोणाला कधी काय बोललं, कुणी ऐकलं, कुणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एक गोष्ट मात्र त्यांच्या कानावर घालायची नाही, आणि तसा कायदाच आहे. त्यांनी लिहिलेल्या आकड्याचं पुढे काय होतं, ही ती गोष्ट.

पुढे होतं ते असं. नोकरीत बाई म्हणून अन्याय झाला असेल, तर मनस्तापापोटी आणि मालकाला शिक्षा म्हणून ज्यूरीने खुशाल कितीही डॉलर लिहावेत. मालकाकडे शंभराच्या आत माणसं असली की न्यायाधीश ते सगळं खाली आणून पन्नास हजारांवर ठेवतात. या कात्रीतून सुटतो तो फक्त बुडालेला पगार.

रॅडफर्ड स्टॅगनरच्या रेडीमेड घरांच्या कारखान्यात चौऱ्याण्णव माणसं होती. त्याने आणखी सात जण घेतले असते, तर डेल्फीनच्या अपमानाची कमाल किंमत सरकारी दराने एक लाख झाली असती. पण त्याला कामगारांवर उधळपट्टी करायची सवय नव्हती.

डेल्फीन रड तिथे वीस वर्षं भिंती उभ्या करत होती. फोरमनची जागा निघाली तेव्हा स्टॅगनरने तिला बोलावून सांगितलं, "बाईचा आवाज शेडच्या त्या टोकापर्यंत पोचत नाही." तिने तक्रार केली. ती पोचली. महिन्याभरात तिला काढलं.

नोकरीबरोबर आरोग्य विमा गेला, आणि खरं दुखणं ते होतं. नवरा फेरिस याची फुप्फुसं लाकूड गिरणीत कामी आली होती. नाकाला नळी, बाजूला ऑक्सिजन. सरकारी म्हातारविमा पासष्टाव्या वर्षी लागतो आणि फेरिस त्रेसष्टचा होता. अपंगत्वाचा अर्ज दोनदा परत आला होता, कारण तो भरायला तो स्वतःच्या पायांनी चालत गेला होता. डेल्फीनला करोडपती व्हायचं नव्हतं. तिला फेरिसला दोन वर्षं ढकलत न्यायचं होतं.

थर्मन पिकेल तिचा वकील आणि मी त्याच्या कचेरीतली मदतनीस. बुडालेल्या पगाराचा आमचा हिशेब दोन लाख दहा हजार होता. आमच्या न्यायाधीशांच्या कोर्टात तोही ज्यूरीनेच ठरवावा असा रिवाज आहे. दोन्ही बाजू सही करतात आणि मग जे होईल ते होईल.

निकालाच्या कागदावर तीन रकाने होते: पगार, मनस्ताप, शिक्षा. शेवटच्या भाषणात थर्मनने पहिल्या रकान्यासाठी जीव तोडला. "बाकीच्यात तुमच्या मनाला येईल ते लिहा," तो ज्यूरीला म्हणाला, "पण पहिला रकाना विसरू नका. ते उपकार नाहीत, ते तिचं आहे." याहून जास्त बोलायची त्याला मुभा नव्हती. विझायला आलेल्या दिव्याकडे बोट दाखवायचं, पण तेलाचं नाव काढायचं नाही, असा तो प्रकार होता.

ज्यूरीने दुपारचं जेवण कोर्टाच्या खर्चाने घेतलं आणि त्यानंतर लगेच निकाल आणला. प्रमुख होत्या ओरा ली टिडवेल, तालुक्यातल्या पशुखाद्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. कारकुनाने वाचलं.

"अन्याय झाला: होय. मनस्ताप: दोन लाख. शिक्षा: चाळीस लाख."

मागच्या बाकांवर कुणीतरी "देवा रे!" म्हणालं. डेल्फीनच्या बहिणीने रडायला सुरुवात केली. त्यामुळे कारकुनाने शेवटी ठेवलेला पहिला रकाना नीट ऐकू आला नाही आणि त्याला तो पुन्हा वाचावा लागला.

"बुडालेला पगार: शून्य."

स्टॅगनरच्या वकिलाने रुमालाने तोंड पुसलं. रुमालाआड तो हसत होता की नाही हे मी सांगू शकत नाही. पुसायला बराच वेळ लागला एवढं खरं.

"वर्लीन," डेल्फीनने माझा हात घट्ट धरला, "किती झाले गं एकूण?"

"बाहेर चल," मी म्हटलं.

बाहेर गाड्यांपाशी ओरा लीबाई आमची वाट पाहत होत्या. त्यांनी डेल्फीनला मिठीच मारली.

"बघ पोरी, कसा दणका दिला त्याला! आमच्यातला हॅरल म्हणत होता दहा लाख पुरे. मी म्हटलं, हॅरल, तुझ्या लेकीला असं बोलला असता तर? गप बसला."

"बाई," थर्मनने सावकाश विचारलं, "पगाराचा रकाना मोकळा कसा राहिला?"

"मोकळा कुठे? शून्य लिहिलंय की. त्यावर आमचं पाच मिनिटं डोकं गेलं, मग एकमत झालं. हे बघा वकीलसाहेब, त्या दिवसांत ही कामावर गेली नव्हती. का गेली नाही, ते आम्हाला कळलं, त्यात हिचा काही दोष नाही. पण न केलेल्या कामाचा पगार? उद्या लोक म्हणाले असते, डेल्फीन रड बसून पगार खाते. हिचं नाव कशाला खराब करायचं? म्हणून तिकडचं काढलं आणि शिक्षेत घातलं. वर आणखी भर घातली." त्यांनी डेल्फीनचा गाल थोपटला. "काय फरक पडतो, पैसे तेच ना?"

 आकड्याचं पुढे काय होतं ते सांगायला आता थर्मनला कायद्याची आडकाठी नव्हती, पण पशुखाद्याच्या दुकानात पोतं उतरवून दमलेल्या माणसाला सावलीत बसवणारी बाई ती. तिला भर दुपारी कसं सांगणार? डेल्फीनने तिला "थँक्यू" म्हटलं. मग गाडीत बसल्यावर थर्मनने डेल्फीनला सांगितलं.

तिने गाडीचं दार पुन्हा उघडलं. "मग त्यांना परत विचारा ना. ती बाई आत्ता इथेच तर होती. तीच सांगेल त्यांना काय करायचं होतं ते."

कोर्टात थर्मनने नेमकं तेच मांडलं. न्यायाधीश सज्जन गृहस्थ, चर्चमध्ये बास आवाजात गाणारे. ते म्हणाले, "मिस्टर पिकेल, ज्यूरीच्या खोलीत काय विचार झाला, हे ऐकायची मला परवानगी नाही." म्हणजे आधी आम्ही ज्यूरीला सांगायचं नाही, आणि नंतर ज्यूरीने आम्हाला सांगितलं तर कोर्टाने ऐकायचं नाही. एवढी काटेकोर शांतता मी दफनविधीतही पाहिलेली नाही.

"पुढचा पगार तरी द्या, साहेब. तिची जागाच रद्द केलीय त्यांनी."

"मागचा शून्य ठरला, तर पुढचा कशाच्या आधारावर देऊ?" असं म्हणून त्यांनी बेचाळीस लाखांचे पन्नास हजार केले. त्याच हुकमात थर्मनचं बिल स्टॅगनरने भरावं असं लिहिलं. तसा कायदा आहे. बिल पन्नास हजारांहून बरंच मोठं होतं.

डेल्फीनने तो हुकूम कचेरीत बसून शब्द न् शब्द वाचला.

"तुम्हाला पूर्ण मिळाले की."

"हो," थर्मन म्हणाला. तो खिडकीकडे बघत होता.

"तुम्ही काम केलं होतं ना." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आठवड्याभरात स्टॅगनरच्या वकिलाचा फोन आला. आज सही करून चाळीस हजार घ्या, नाहीतर आम्ही अपील करतो; अपिलाला दीड-दोन वर्षं जातील, पुढे देवाची मर्जी. डेल्फीनने विचारलं, "दीड की दोन?" थर्मन म्हणाला, "सांगता येत नाही." तिने सही केली. फेरिसच्या इस्पितळाचं जुनं देणं फिटून त्यातलं जे उरलं, त्यात ऑक्सिजनचे काही महिने बसत होते.

पण तोवर पेपर येऊन गेला होता. पहिल्या पानावर, फोटोसकट: "बेचाळीस लाख!" पन्नास हजारांची बातमी नंतर आत कुठेतरी आली, शिकारीच्या परवान्यांच्या जाहिरातीखाली. चाळीस हजारांची आलीच नाही. आकडा कुणाला न सांगण्याचं कलम त्या सहीच्या कागदातच होतं.

आमच्या चर्चमध्ये फेरिसच्या औषधांसाठी दर वसंतात मासे तळून ताटं विकायचं ठरलेलं असे. पास्टर कॉय यांनी निकालाच्या पुढच्याच रविवारी जाहीर केलं की देवाने रड कुटुंबावर कृपा केली आहे, तेव्हा यंदाची ताटं घर जळालेल्या स्प्रॅडलिन मंडळींसाठी.

सही झाल्यावर डेल्फीन त्यांना एकटीच भेटली. "पास्टर, तेवढे नाही मिळाले हो."

"अगं डेल्फीन," ते प्रेमाने हसले, "पैसा आला की पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात. तुझ्याकडे कुणी मागणार नाही. फक्त चर्चच्या लहान मुलांसाठी बस घ्यायचा विषय मी जरा नंतर काढीन."

कलमामुळे तिला आकडा सांगता येत नव्हता. सांगितला असता तरी छापलेल्या बेचाळीस लाखांपुढे तोंडी चाळीस हजार कोण धरणार?

ताटांच्या शनिवारी सगळे जमले. चर्चच्या आवारात कढया, कॅटफिश, मक्याच्या पिठाचे गोळे, गोड थंड चहा. ओरा लीबाई वाढायला होत्या. "ये गं माझी श्रीमंत पोरी!" त्या दुरून ओरडल्या आणि तिच्या ताटात मोठा तुकडा घातला. मदतीची बादली हातोहात फिरत होती. डेल्फीनपाशी आली तेव्हा बोलणी थांबली नाहीत, जरा मंदावली. तिने पर्स उघडली. आत काय होतं ते मला दिसलं, कारण मी शेजारी होते. ते सगळं तिने बादलीत टाकलं. ओरा लीबाईंनी डोळे पुसले. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढेच?"

फेरिस झाडाखाली खुर्चीत बसला होता, पायांशी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. सिलिंडरच्या काट्यावर किती उरलंय ते त्याने बघितलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"बंद कर गं जरा," तो म्हणाला. "बसून असलो की चालतं मला."

तिने वाकून चावी फिरवली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली.