दोन्ही नावं एकाच बाईची

पितळी ताटात पसरलेले तांदूळ, आणि त्यांत अंगठीनं ओढलेली दोन अक्षरं.

लाल पेन्सिल. एक टोक चावलेलं.

तेजरामला रशियन भाषेतले दोनशे दहा शब्द येत. त्यांतले ऐंशी यंत्रांच्या भागांचे, बारा शिव्या.

कारखान्याच्या इस्पितळात एक गोरा माणूस होता. तो आता पिवळा झाला होता.

दिल्लीच्या विमानतळावर एक बाई हातावर लोकरी कोट घेऊन उभी. बाहेर ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटावी.

शीला नावाची बाई वयाच्या सतराव्या वर्षी जन्मली. त्याआधी ती मनकर्णा होती.

एकोणीसशे साठ सालच्या एप्रिलात, एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला या सगळ्यांची एकमेकांशी गाठ पडली आणि ती गाठ येऊन पडली देवराव चरडेच्या गळ्यात.

देवराव मूळचा भंडाऱ्यातल्या तुमसरकडचा. भिलाईत रशियन तज्ज्ञांचे कागद सांभाळणाऱ्या ऑफिसात कारकून. कोण आला, कोण गेला, कोणाची मुदत वाढवायची, पोलिसांत कोणाची नोंद राहिली, हे सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. त्याची एकही फाईल आजवर उलटी आली नव्हती. हे तो स्वतः कोणाला सांगत नसे, पण दुसऱ्या कोणी सांगितलं तर मान खाली घालून पूर्ण ऐकून घेई.

इस्पितळातला पिवळा माणूस म्हणजे निकोलाय पेत्रोविच गुसेव, रोलिंग मिलच्या जोडणीचा इंजिनियर. त्याला कावीळ झाली आणि त्यानं अन्नच टाकलं. पेज नको, साबुदाणा नको, उकडलेला बटाटा समोर आला की तोंड भिंतीकडे. तीन आठवड्यांत माणूस खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यासारखा दिसायला लागला. शेवटी डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम आम्ही केलं, आता याच्या घरचं कोणीतरी बोलवा. बायकोला तार गेली.

पण व्हिसा? रीतीनं काढायचा तर दीड महिना. मग वरच्या लोकांनी वाट काढली. बाईनं व्हिसाशिवाय विमानात बसायचं, दिल्लीला उतरायचं, आणि व्हिसा तिथेच विमानतळावर हातात मिळायचा. कारखान्यानं फक्त तिचं नावगाव आधी कळवून ठेवायचं, म्हणजे कागद तयार राहील. देवरावानं असला प्रकार जन्मात ऐकला नव्हता. पाहुण्यानं आधी ओसरीवर येऊन बसायचं आणि मग घरच्यांनी फाटक उघडायचं, तशातली गत. पण साहेब म्हणाले कळव, त्यानं कळवलं.

कळवलं ते असं. दुभाष्या तेजराम. हाही भंडाऱ्याकडचाच, कारखान्याच्या वर्गात रशियन शिकलेला. त्यानं निकोलायला विचारून एक चिठ्ठी आणून दिली होती:

नाव: वेरा स्तेपानोव्ना गुसेवा
पती: निकोलाय पेत्रोविच गुसेव

देवरावानं ती दोनदा वाचली. रशियन नावांची रीत त्याला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात समजली होती आणि समजल्यावर त्या लोकांविषयी आपलेपणाच वाटला होता. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. पेत्रोविच म्हणजे प्योत्रचा मुलगा. अगदी आपल्यासारखं. मग आपल्यासारखंच असेल तर लग्न झालेल्या बाईच्या नावात मधे कोण? नवरा. आई, वहिनी, बायको शीला, सगळ्यांचं तसंच. आणि इथे नवरा निकोलाय असताना मधे हा स्तेपान कुठून आला?

एक तर तेजराम चुकला असेल. नाहीतर बाईचा आधीचा नवरा असेल. तेजराम चुकला असेल तर प्रश्नच नाही. आणि दुसरं असेल तर विचारायचं कसं? आजारी माणसाला, परक्या मुलखातल्या, त्याच्या बायकोच्या नावातल्या दुसऱ्या पुरुषाबद्दल विचारणं देवरावाला शोभलं नसतं. त्यानं लाल पेन्सिल घेतली, स्तेपानवर काट मारली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: निकोलायेव्ना. नीट लिहिलं होतं. 'एव्ना' या शेपटीसकट.

साडेदहाचा फोन दिल्लीहून अरुणकुमारचा होता. अरुणकुमार म्हणजे तिथे पाहुण्यांना उतरवून घ्यायला ठेवलेला कारखान्याचा माणूस. लाइन अशी खराब, की त्याला ओरडावं लागत होतं आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जात होतं. कागद आहे वेरा निकोलायेव्नाचा. समोर उभी आहे वेरा स्तेपानोव्ना. विमानतळावरचा अधिकारी म्हातारा आहे, भला आहे, रशियन पाहुण्यांचा त्याला सराव आहे. पण तो म्हणतो, निकोलायेव्ना म्हणजे निकोलायची मुलगी. या कागदाप्रमाणे ही बाई बापाला भेटायला चालली आहे आणि तोंडानं सांगते की नवऱ्याला. मी कोणतं खरं मानू? एका बाईची दोन नावं कशी, हे कारखान्यानं सहीनिशी लिहून कळवलं तर तो लगेच सोडायला तयार आहे. नाही कळवलं, तर तिचं विमान चार वाजता परत जातं. त्यात तीही.

फोन ठेवल्यावर देवरावाच्या कानात बराच वेळ खरखर चालू राहिली. फाईल उघडली. चिठ्ठी वरच होती, लाल काटेसकट.

तेजराम आला, चिठ्ठी पाहिली, आणि खुर्ची ओढून शांतपणे बसला.

"देवरावभाऊ," तो म्हणाला, "तुमी तं बाईचा बापच काटून टाकला."

मग त्यानं समजावलं. तिकडे पोरगी लग्न होऊन गेली तरी बाप नावातून जात नाही. आडनाव बदलते, बाप मात्र जन्मभर सोबत राहतो.

"मंग सांगतलं कावून नाई?"

"तुमी इचारलं कुठं?"

देवरावानं घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून गेले होते. दोघं एकाच सायकलवर इस्पितळात गेले, देवराव पुढे पायडल मारत, तेजराम मागे कॅरिअरवर शब्द जुळवत. निकोलायला काय सांगायचं, कसं सांगायचं, तो चिडला तर? एवढ्या अशक्त माणसाला चिडणं सोसेल का? देवराव हाच विचार करत होता.

तेजरामनं दोनशे दहापैकी जेवढे लागतील तेवढे शब्द वापरले, राहिलेलं हातवाऱ्यांनी भागवलं. निकोलाय भुवया ताणून ऐकत राहिला. मग हसायला लागला. असा हसला की नर्स धावत आली. तेजरामनं त्याचं म्हणणं देवरावाला सांगितलं: बारा वर्षं तिचा नवरा होऊन राहिलो, आता तुमच्या ऑफिसानं बढती दिली तर ती काय म्हणेल?

देवरावही हसला. हसावंसं वाटत नव्हतं तरी. तेवढ्यात निकोलायनं विचारलं की विमान परत किती वाजता जातं. तेजरामनं चार बोटं वर केली. निकोलायचं हसू तिथल्या तिथे विझलं. त्यानं वही मागितली, पिवळ्या बोटांनी मोठ्या अक्षरात सासऱ्याचं नाव लिहिलं: स्तेपान इग्नात्येविच. वही परत देताना त्यानं ती लगेच सोडली नाही. दोघांनी दोन टोकं धरून ठेवली, आणि देवरावाला कळलं की हा माणूस जेवणापासून नाही, एकटेपणापासून तोंड फिरवत होता.

तेजराम इस्पितळातून दुसऱ्याच्या जीपनं ऑफिसकडे गेला. देवराव सायकलवर एकटा निघाला. बापाचं नाव मिळालं होतं. पण लिहायचं काय? आमच्या कारकुनाला वाटलं, म्हणून? असलं सरकारी कागदात लिहितात का? त्यात रुआबांध्याकडच्या उतारावर चेन पडली. हात काळे झाले. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, म्हणून हात धुवायला गेला.

शीला अंगणात खाटेवर पापड घालत होती. अवेळी आलेला नवरा, काळे हात, घामानं भिजलेला शर्ट. तिनं आधी तांब्या दिला, मग विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. सांगताना स्वतःची बाजू थोडी बरी करून सांगितली, पण ती बायकोच होती.

"म्हंजे तुमी त्या बाईचं नाव बदलून टाकलं."

"बदललं नाई. बरोबर केलं."

"माहंबी असंच बरोबर केलं होतं," शीला म्हणाली. "ताटात तांदूळ पसरून. मले कोनं इचारलं होतं?"

आवाजात राग नव्हता. पापड उलटता उलटता म्हणावं तसं म्हणाली. देवराव तांब्या हातात धरून उभाच राहिला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. शीला हे नाव त्याच्या आत्यानं सुचवलं होतं, शहरातलं वाटतं म्हणून. बापाचं नाव लावणारी मनकर्णा केवलराम कुठे गेली, हे त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"मंग आता काय लिवू?" तो म्हणाला. हा प्रश्न त्यानं आजवर तिला कधी केला नव्हता.

"जे माह्यासाठी लिवून आनलं होतं थेच लिवा ना जी. इस्पितळाच्या कार्डापायी."

देवरावानं तांब्या ठेवला. खरंच की. मागच्या साली शीलाचं इस्पितळाचं कार्ड काढताना अडलं होतं, कारण शाळेच्या दाखल्यावर मनकर्णा आणि क्वार्टरच्या कागदावर शीला. तेव्हा त्यानं स्वतः गावी जाऊन सरपंचाची सही आणली होती. पेटीच्या तळाशी, तिच्या शालूखाली तो कागद होता. तिनंच काढून दिला. पापडाच्या पिठाचे हात पुसत पुसत.

ऑफिसात साहेबांनी एकच विचारलं, की चूक कोणाची. तेजराम तिथेच उभा होता. चिठ्ठी घाईत लिहिली होती, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तेजराम खालच्या माणसांतला, वर्ष झालं नव्हतं नोकरीला, त्याचं कोण ऐकणार होतं? देवरावाच्या जिभेच्या टोकावर ते वाक्य येऊन थांबलं. मग त्यानं चिठ्ठी टेबलावर ठेवली, लाल काट वर दिसेल अशी.

"चिठ्ठी सही थी साहब. मैंने काटा."

साहेब पंजाबी होते. चिठ्ठी बघत राहिले. "पूछ लेते तो क्या बिगड़ जाता?" एवढंच म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं. देवरावानं सरपंचाच्या मराठीवरून जसाच्या तसा इंग्रजी मजकूर केला होता. टेलिप्रिंटरवर तो पावणेदोनला गेला:

प्रमाणित करण्यात येते की वेरा निकोलायेव्ना गुसेवा आणि वेरा स्तेपानोव्ना गुसेवा ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत. पहिले नाव पतीवरून व दुसरे वडिलांवरून. वडिलांवरचे नाव खरे समजावे.

शेवटचं वाक्य सरपंचाच्या कागदात नव्हतं.

अडीच. पावणेतीन. यंत्र खडखडलं, सगळे धावले. दुसऱ्याच कोणाच्या सिमेंटचा निरोप. तीन. देवरावानं तेजरामचा चहा पिऊन टाकला, आपला समजून. सव्वातीनला देवराव बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला, कारण खोलीत घड्याळ होतं. समोर कारखान्याची लाल धूळ उडत होती आणि तो मनातल्या मनात विमानाच्या शिडीवरून एका बाईला पुन्हा वर चढताना बघत होता.

तीन वाजून बावीस मिनिटांनी तेजराम दारात आला. हातात कागदाची फाडलेली पट्टी होती. तो वाचून दाखवत नव्हता, नुसता दात काढत होता.

व्हिसा दिला. बाई बाहेर. रात्रीच्या गाडीत बसवतो. अरुणकुमार.

देवराव उठायचा तो उलट आणखी खालच्या पायरीवर बसला. मग चिठ्ठी, फाईल, पट्टी सगळं मांडीवर ठेवून तो हसत राहिला, निकोलायसारखा, नर्स यायची वेळ येईपर्यंत. तेजरामनं त्याच्यासाठी चहा आणला. या वेळी दोन कप आणले.

संध्याकाळी घरी त्यानं दारातूनच हाक मारली, मनकर्णा म्हणून.

"आता या वयात?" ती बाहेर येत म्हणाली. "अन् राशनकार्ड कोन बदलवन?" पण ती हसत होती. पुढच्या महिन्यात कार्डाचा अर्ज घेऊन देवराव रांगेत उभा राहिला तेव्हा तिनं त्याला सोबत डबा दिला.

गुरुवारी दुर्ग स्टेशनवर वेरा उतरली. उंच, थकलेली, कोट अजून हातावरच. देवरावानं मागितलेली माफी तेजरामनं भाषांतरित केली. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि बॅग देवरावाच्या हातात दिली. इस्पितळात ती निकोलायवर वीस मिनिटं एका सुरात ओरडत होती. देवरावानं दबक्या आवाजात विचारलं, काय म्हणते? तेजरामनं खूप लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, त्यातला मले एकच शब्द समजून राहिला. 'खा' म्हणून राहिली थे.

निकोलायनं बटाटा खाल्ला. दुसराही मागितला.

त्या वर्षी एप्रिलपर्यंत देवरावानं एकतीस रशियन नावं दिल्लीला कळवली होती. त्यांतली तीस पुरुषांची होती, बाईचं हे एकच.