दोन मुदती पुरे

“साहेब, एकच प्रश्न. निवडून आलात तर दोन मुदतीनंतर घरी बसणार काय?”

सुभाष रोडच्या कोपऱ्यावर उमेदवाराची जीप थांबली होती आणि अंबूताई थेट तिच्या चाकापाशी जाऊन उभ्या होत्या. मागे पिवळ्या कापडाचा फलक होता. त्यावर मराठीत आणि कानडीत लिहिलेलं, ‘खासदारकीला दोन मुदती पुरे. कायदा करा.’ फलकाची एक काठी बाबू टेलरनं धरलेली, दुसरी दिव्याच्या खांबाला सुतळीनं बांधलेली. ती खरं तर मुकुंदरावांनी धरायची. पण बायकोच्या या खुळापायी भर बाजारात काठी धरून उभं राहणं कोर्टातून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेना. ते समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवर, आपण या गावचेच नव्हे असा चेहरा करून उभे होते.

एकोणऐंशीचा डिसेंबर होता. दिल्लीतलं सरकार पडलं होतं, जानेवारीत मतदान होतं आणि अंबूताईंना दुसरं काही सुचत नव्हतं. जन्मभर शाळेत शिकवलेलं. त्या म्हणायच्या, “वर्गात मी महिन्याला मॉनिटर बदलत होते. एकाच पोराला बसवलं की त्याला वाटतं, फळा त्याच्या बापाचा. मग दिल्लीतल्यांना तेवढं का मोकळं सोडायचं?” गावातल्याच सप्तापूर भागातले दोन प्राध्यापक सुरुवातीला आले, भाषणं करून गेले, ते गेलेच. उरला बाबू टेलर आणि उरल्या या.

उमेदवार नुसतेच हसले. उत्तर दिलं ते त्यांच्या भीमरावानं. हा गल्लीतलाच माणूस, अंबूताईंच्या हाताखाली शिकलेला, आता जीपच्या फळीवर उभा राहून हार झेलणारा.

“अक्का, राग मानू नका,” तो मोठ्यांदा म्हणाला. “आमच्या राममंदिरात भजनाला पुढं कोण बसतंय ओ? मी चड्डीत होतो तवापासून तुम्हीच की! तिथं कुठं गेल्या दोन मुदती?”

बाजार खदखदून हसला. कुणीतरी “साकु, साकु! पुरे की अक्का!” म्हणून ओरडलं. जीप धुरळा उडवत निघून गेली. सुतळी सोडून अंबूताईंनी फलकाची घडी घातली. मुकुंदरावांना भीमरावाचा संताप आला, आणि आतून थोडं बरंही वाटलं. खूळ एकदाचं उतरलं म्हणायचं.

घरी आल्यावर चहा करता करता अंबूताई म्हणाल्या, “पोरगं खरं बोललं हो. मला कसं दिसलं नाही इतके दिवस?”

“अगं, भजन वेगळं, पार्लमेंट वेगळं!”

“बसणाऱ्याला सगळीकडं तसंच वाटतंय.”

धनुर्मास लागला होता. राममंदिरात पहाटे उजाडायच्या आत पूजा, बायकांचं भजन, मग गरम हुग्गीचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा, प्रसाद. देवासमोरच्या चिपळ्या ज्या बाईनं उचलायच्या, तिनं पद सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं, अशी तिथली रीत. चिपळ्या उचलायच्या त्या अंबूताईंनीच. ताप अंगात असतानाही शाल गुंडाळून त्या गेल्या होत्या. शाळा सुटली, दात पडले, पण ती जागा होती. मुकुंदरावांना ठाऊक होतं, ही बाई दिवसभर जगते ती त्या तासाभरावर.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंबूताईंनी चिपळ्या उचलल्या, कपाळाला लावल्या आणि चालत मागच्या रांगेपाशी गेल्या. तिथं हेमावती बसायची. सोनाराची सून, गळा गोड, पण मान कधी वर नाही.

“घे.”

“अय्यो, नको अक्का! मला भ्या वाटतंय.”

“मलाही वाटत होतं. जा, पुढं बस.”

आणि त्या हेमावतीच्याच जागेवर, खांबाआड बसल्या. देवळात चुळबूळ झाली. हेमावती पुढं गेली, घाबरून तिनं सूर फार वर धरला, आणि दुसऱ्या कडव्यात जे व्हायचं तेच झालं. आवाज चढेना. पेटी थांबली. सगळ्या बायकांनी एकदम मागं वळून अंबूताईंकडं बघितलं. एक ओळ, नुसती एक ओळ त्यांनी उचलली असती तर भजन सावरलं असतं, आणि जागाही परत त्यांचीच झाली असती.

मुकुंदराव पुरुषांच्या बाजूला उभे होते. बायकोचा गळा हललेला त्यांना दिसला. ओठ मात्र मिटलेलेच राहिले. मांडीवर हात तेवढा ठेका धरून होता, सावकाश, न चुकता. कोर्टात त्यांनी मोठमोठी माणसं बघितली होती, शपथा ऐकल्या होत्या. पण हातातलं सोडून असं गप्प बसलेलं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं. आपण हिच्याबरोबर इतकी वर्षं जेवलो आणि ही एवढी मोठी आहे हे आपल्याला कळलं नाही, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला.

हेमावतीनं डोळे पुसले. खालच्या सुरात पद पुन्हा सुरू केलं. या वेळी ते चढलं. बायका मागून म्हणू लागल्या, अंबूताईही म्हणू लागल्या. मुकुंदराव कान देऊन ऐकत राहिले. इतक्या आवाजांत बायकोचा आवाज कुठला, ते त्यांना पहिल्यांदाच ओळखू येईना.

बाहेर आल्यावर द्रोणातली हुग्गी खाता खाता अंबूताई म्हणाल्या, “संध्याकाळी जीप परत येणार आहे म्हणे. जाते मी. आता विचारता येईल.” डोळे सुजलेले होते. ते त्यांनी लपवलं नाही.

संध्याकाळी सुभाष रोडला बाबू टेलरनं फलक उलगडला आणि खांबाला बांधायला सुतळी काढली. मुकुंदराव पायरीवरून उतरले, रस्ता ओलांडून आले आणि दुसरी काठी त्यांनी हातात घेतली. अंबूताईंनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं.

“नीट ताणून धरा हो,” त्या म्हणाल्या. “अक्षरं दिसत नाहीत.”

लांबून जीपचा कर्णा ऐकू येत होता. मुकुंदरावांनी कापड ताणलं.