राखेतलं बी

"ह्याले राख काहून लावली व, पोरी?"

मडक्यात घातलेला हात शकुबाईने तसाच ठेवला. तान्ह्या अश्वजितला मांडीवर घेऊन बसलेली तिची सून दीपा हसली.

"कीड लागू नये म्हनून. चांगलं कडक उन्हात वाळवलं, मंग राख चोळली. तुमच्या नाल्यावरच्या मोहाचं बी हाय, आत्याबाई. मागच्या साली तुमी दवाखान्यात होत्या न, तवा येचलं. हा पोटात होता, वाकता येत नव्हतं. बसून-बसून येचलं."

दीपा दिग्रसकडची, कापसाच्या मुलखातली. तिकडे पाकिटातली सरकी दोन-दोनदा पेरूनही उगवेनाशी झाली, तेव्हा तिच्या आजीने ज्वारीचं घरचं बी असंच राखेत जपलं होतं. मोहाचं बी तसं जपता येत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते गळलं की ओलं असतानाच मातीत जायला हवं. वाळलं की संपलं.

नाल्यावरच्या त्या मोहाला झोळी बांधून शकुबाईने आपली पोरं वाढवली होती. खाली ती फुलं वेचायची, वर पोर झुलायचं. अलीकडे मात्र एक पाऊस येऊन जायचा आणि मग महिना महिना तोंड दाखवायचा नाही. सपाटीवरचे मोह एकेक करून वाळले. हाच तेवढा तगला. मारेगावजवळच्या ज्या रोपवाटिकेत शकुबाई रोजाने जायची, तिथला वनरक्षक रहमत म्हणायचा, "मावशी, ह्याचंच बी पायजे. टेकडीमागं लावू, सावलीच्या अंगाला. इथं आता मोहाचं काई खरं नाई."

या उन्हाळ्यात तोही वाळला. फूल न धरताच.

"हात काहून थांबला, आत्याबाई? चुकलं काय माह्यं?"

"चुकते कायचं! अवघडल्या अंगानं येवढं जपलं तू."

दोघी मडकं घेऊन रोपवाटिकेत गेल्या. दीपा पोराला पाजायला सावलीत बसली, तेव्हा शकुबाईने एक बी नखाने सोललं. आतला गर तपकिरी, सुरकुतलेला. रहमतने ते पाहिलं.

"मावशी, हे तर..."

"रोपाच्या पिशव्या भर, रहमतभाऊ."

"पन मावशी..."

"भर म्हनलं न. नातू पाहून राह्यला."

तिने एकेक बी हाताने मातीत टोचलं.

पुढे दीपा रोज पोराला कडेवर घेऊन यायची. "उगवलं काय?"

"मोह आळशी असते व. तुह्या नवऱ्यावानी." दीपा हसायची. पिशव्यांत गवत उगवायचं, शकुबाई ते मन लावून निंदायची.

एका सकाळी शकुबाई हौदावर गेली होती. दीपाने एका पिशवीतली माती बोटाने उकरली. बी हाताला लागलं, चिमटीत धरताच त्याचा भुगा झाला. शेजारच्या पिशवीतही तेच. पोर केस ओढत होतं, तिला कळलं नाही.

मग तिने माती पुन्हा सारखी केली. अंगठ्याने हलकेच दाबली.

शकुबाई भरलेली झारी घेऊन आली. दीपा उठून पुढे झाली. पोराला तिच्या कडेवर दिलं आणि झारी हातात घेतली.

"द्या इकडं," ती म्हणाली. "आळशाले पानी जास्त लागते."

आणि ती पहिल्या रांगेपासून पाणी घालत निघाली. सावकाश, एकही पिशवी न चुकवता.