गार हवेचं बटण

मला कधी नाव मिळालं नाही. इंग्लंडमधल्या कारखान्यात सगळे मला 'तीन नंबर' म्हणायचे, तेवढीच माझी ओळख. माझ्या बहिणी विकण्यासाठी जन्मल्या. मी मात्र छळून बघण्यासाठी. अक्रोडाच्या लाकडाची सजावट, मऊ कातड्याच्या सीटा, सगळं होतं माझ्यात. आखातातल्या श्रीमंतांना आमच्या जातीची गाडी हवी होती. पण तिथलं ऊन मला सोसेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या जुलैत मला अबुधाबीला उतरवलं. सोबत एडिथ पार्मिंटर ही तिशीतली इंजिनीअर आणि क्लेम ऑगडेन, सारं आयुष्य नव्या गाड्या पळवण्यात घालवलेला माझा चालक. दोघांचं सदानकदा वाजायचं.

"बाईसाहेब, तुमची राणी किटलीसारखी उकळतेय," क्लेम म्हणायचा.

"तुम्ही तिला घोड्यासारखी हाणताय, ते नाही दिसत?"

आणि मग दोघंही मायेनं माझं बॉनेट उघडायची. खजूर आणि थर्मासमधला चहा यांवर दुपार काढायची. काय दिवस होते ते!

एके दिवशी मी वाळवंटातून अल ऐन गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फारच तापले. क्लेम सकाळपासून भर उन्हात माझ्या इंजिनावर वाकला होता. दर थोड्या वेळानं दोघं माझा तापमानाचा काटा बघायची. क्लेमचे टोमणे केव्हाच बंद पडले होते, पण त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

परत गाडी सुरू केल्यावर तो अचानक म्हणाला, "पाऊस थांबला का गं?"

एडिथ दचकली. त्याचा चेहरा लालबुंद आणि कोरडा ठणठणीत होता. तिनं मला थांबवायला लावलं, त्याला शेजारच्या सीटवर ओढलं, उरलेलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, गार हवेचं बटण पूर्ण फिरवलं आणि स्वतः मला पळवू लागली.

तो भार मला झेपेना. काटा लाल रेघेपलीकडे गेला.

क्लेमला तेवढ्यातही कळलं. "हवा बंद करा, हीटर लावा," तो पुटपुटला. "इंजिनाची उष्णता आत येऊ द्या. नाहीतर गाडी जाईल, बाई."

"जाऊ दे गेली तर!" एडिथ ओरडली. "तुम्ही गप्प बसा."

मी रस्त्यातच बसले असते, तर दोघंही गेली असती, हे तिला कळत होतं. मी जळत होते, आतून काहीतरी वाकत होतं, पण आतली हवा गार ठेवून धावत राहिले. अल ऐनच्या खजुरांच्या बागा दिसल्या आणि माझं इंजिन कायमचं अडकलं.

बागेतून सुहैल नावाचा शेतमालक धावत आला. एडिथ काही सांगू लागली, तसा तो म्हणाला, "अहो ताई, गाडीचं मागाहून बघू! आधी माणसाला उचला." त्यानं स्वतःच्या ट्रकमधून क्लेमला दवाखान्यात पोचवलं. क्लेम वाचला.

इंग्लंडात साहेब मंडळी खवळली. "थोडा वेळ हवा बंद ठेवा, असं गिऱ्हाइकाला सांगता आलं असतं की!"

एडिथ शांतपणे म्हणाली, "गाडीत त्याची आजारी आई असेल तर? ते बटण कधीच बंद करावं लागता कामा नये."

साहेबांनी शेवटी ते मान्य केलं. मग माझं तोंड उघडून मोठा रेडिएटर बसवला, वारा अडवणारे भाग हलवले, दोन पंखे दिले, नवं इंजिन दिलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर मी न थांबता धावले. डॉक्टरांनी क्लेमला गाडी चालवायला मनाई केली होती, तरी हट्टानं तो मागे बसून आला.

"बाईसाहेब, जरा कमी करा की! दात वाजायला लागले."

एडिथ हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

आता मी कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये धूळ खात उभी आहे. मागच्या आठवड्यात एडिथ काठी टेकत आली. माझ्या टपावर हात ठेवून म्हणाली, "क्लेम गेले गं." मग दार उघडून तिनं गार हवेचं बटण पदरचा रुमाल काढून पुसलं. मला कुठं बोलता येतं?

लवकरच मला मोडून भट्टीत घालतील. त्याचं दुःख नाही. मी छळ सोसून संपण्यासाठीच जन्मले होते. उन्हातान्हात गाडी हाकणाऱ्यांनो, एवढंच मागते. काटा बघाच, पण शेजारी बसलेलं माणूस बोलायचं थांबलं, तर त्याच्याकडेही वळून बघा.